दिलबहार लॉजवरचा उंदीर

रोहा, बाजारपेठ
२२ जुलै २०२४

विठू मूर्तिकार, हमरापूर यांच्या घरी आज जे कोणी असतील त्यांना मुसाचा सलाम.

आपली ओळख नाही, आणि माझ्याकडे पत्ताही अर्धाच आहे. पण पेणकडचे पोस्टमन फार हुशार असं माझे वडील म्हणायचे. त्यांच्या भरवशावर पाकीट पेटीत टाकतो आहे.

मी रोह्याच्या बाजारपेठेतल्या दिलबहार लॉजचा मालक. खाली चहा-खाणं, वर सात खोल्या. वडिलांनी, म्हणजे कासमशेठनी, १९६४ साली बांधलेली इमारत. तुम्ही कधी रोह्याला आला असाल तर ती पाहिली असेल, पण 'दिलबहार' हे नाव आठवणार नाही. सगळा गाव तिला उंदीरवाला लॉज म्हणतो. खाण्याच्या हॉटेलाला याहून वाईट नाव आख्ख्या जिल्ह्यात नसेल. समोरच्या भिंतीला पाच खिडक्या, प्रत्येक खिडकीवर चुन्याची भरगच्च नक्षी, आणि मधल्या खिडकीवरच्या नक्षीच्या पायथ्याशी वीतभर उंदीर. दोन्ही हातांत काहीतरी धरून बसलेला. लहानपणी मला वाटायचं, आमच्याच हॉटेलातला बटाटावडा आहे.

तर हा उंदीर ९ तारखेच्या पावसात नक्षीच्या तुकड्यासकट खाली आला. अल्लाची मेहेर, खाली माणूस नव्हतं, एका स्कूटरच्या सीटवर भागलं. तुकडे गोळा करताना मागच्या बाजूला खिळ्याने कोरलेलं दिसलं : विठू, हमरापूर, १९६४.

आता माझी अडचण. नगरपालिकेची नोटीस आली आहे : समोरचा भाग दुरुस्त करा, नाहीतर उतरवा. माझा मुलगा तमीम कुवेतला असतो, तो डिसेंबरात येईल. त्याला सगळं खरवडून काचा आणि चकचकीत पत्रे लावायचे आहेत. आतलं त्याने काय हवं ते बदलावं, माझी हरकत नाही. फक्त समोरची भिंत तेवढी राहावी. यावर तो म्हणतो, "अब्बा, असं काम करणारा आता कुणी उरलाय का? डिसेंबरपर्यंत आणून दाखवा, मग मी गप बसतो." म्हणून विचारतो, विठूंच्या घरात कोणी उरलं आहे का?

आपला,
मुसा


हमरापूर
३ ऑगस्ट २०२४

मुसाभाईंना हौसाचा नमस्कार.

पाकीट पोचलं. गावात विठू तिघं झाले. दोघं अजून जिवंत आहेत, आणि त्यांना कोणी पत्र लिहीत नाही हे पोस्टमनला माहीत आहे. म्हणून त्याने ते नीट माझ्या पुढ्यात आणून टाकलं. बाबांना जाऊन तीस वर्षं झाली. मी त्यांची थोरली. लग्न झालं तेही पाच घरं पलीकडे, त्यामुळे कारखाना काही सुटला नाही. आता भाचा प्रणित चालवतो. मी फक्त आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे.

फोन करा असं लिहिणार होते, पण माझ्या रंगलेल्या बोटांना तो फोन ओळखतच नाही. तेव्हा लिहिलेलंच बरं. आणि आत्ता थोडक्यातच लिहिते. सात सप्टेंबरला गणपती, आणि हजारभर मूर्ती डोळ्यांशिवाय माझ्याकडे तोंड करून बसल्यात.

पहिलं काम हे करा. तुकड्याची कड थोडी फोडून बघा. आत काथ्या निघाला तर काम बाबांचं. मूर्तीला बळ यावं म्हणून आम्ही काथ्या घालतो, घर बांधणारा कशाला घालेल.

दुसरं. तुम्ही नक्षी म्हणता ती नक्षी नव्हे. ती गणपतीच्या सिंहासनाची पाठ आहे. खाली पाट, दोन बाजूंना लोड, वर वेलबुट्टीची कमान. बाबांनी त्याच साच्यांत शाडूच्या ऐवजी चुना भरला. साठ वर्षं तुम्ही रिकाम्या सिंहासनांखाली चहा विकताय, आणि तुम्हाला पत्ता नाही!

उंदीर कसा आला ते मला ठाऊक नाही.

उरलेल्या चार खिडक्यांचे फोटो पाठवा. जिन्याच्या पायऱ्यांना पितळी पट्ट्या होत्या, त्या आहेत का अजून?

हौसा


रोहा
१४ ऑगस्ट २०२४

हौसाबाई, सलाम.

काथ्या निघाला! इतका, की दोरी वळता आली असती. मी तो तसाच हातात घेऊन किमयासमोर धरला. किमया म्हणजे तमीमने पनवेलहून लावलेली आर्किटेक्ट. मुलगी गुणी आहे, पण तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की हे काम युरोपियन पद्धतीचं, कारागीर मुंबईहून आणलेला असणार. काथ्या तिने हातात घेऊन दोनदा ओढून बघितला. मग म्हणाली, "चाचा, पेण म्हणजे तसं मुंबईच्या वाटेवरच की." हे तिने माझ्या वहीत लिहून दाखवलं. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, तेव्हा तुमचा फोन चालत असता तरी माझ्या काही कामाचा नव्हता. आपली जोडी बरी जमली.

तुम्ही सिंहासन म्हणालात आणि मला अब्बांचं एक बोलणं आठवलं. अब्बा बोटीवर भांडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते. बंदराबंदरांतली मोठमोठी हॉटेलं त्यांनी बाहेरून बघितली, आत जायची सोय नव्हती. परत आले ते बापाच्या जागेवर लॉज बांधायचा हे ठरवूनच. सागाचे खांब, मंगलोरी कौलं, रस्त्यावर डोकावणारी गॅलरी, खिडक्यांना रंगीत काचा, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. खिडक्यांवर काय करायचं तेवढं सुचत नव्हतं. पेणला लाकूड बघायला गेले असताना एका कारखान्याच्या अंगणात सिंहासनं ओळीने वाळत ठेवलेली दिसली, मूर्ती अजून बसवायच्या होत्या. अब्बा तिथेच उभे राहिले. विठूंना म्हणाले, "हीच मला दे. माझ्या खोलीत उतरेल त्याला वाटलं पायजे, आपण कोणीतरी हाव." अट एकच घातली : पानं-फुलं कर, जीव नको. आमच्यात इमारतीवर प्राण्या-माणसांची चित्रं काढत नाहीत.

आणि तरी उंदीर आला. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी हटकलं तेव्हा अब्बा म्हणाले होते, "मी नाय बनवला. तो आलाय." किमयाने अहवालात लिहिलंय : "मधल्या खिडकीवरील आकृती कारागिराच्या निष्काळजीपणामुळे राहिलेली दिसते." मला हसूच आलं. तुमच्या बाबांच्या एका चुकीने आमच्या लॉजचं बारसं केलं म्हणायचं.

फोटो सोबत आहेत. पितळी पट्ट्या आहेत, रोज घासतो. पण तुम्हाला त्या कशा ठाऊक? विठूंबरोबर एक लहान मुलगी होती, सहा-सात वर्षांची. जायच्या दिवशी हमसून हमसून रडत होती. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. मला वाटलं भूक लागली, म्हणून नानकटाई दिली तर घेईना. ती तुमची बहीण का?

दुरुस्तीचं काय ते कळवा. डिसेंबर लांब नाही.

मुसा


रोहा
३० सप्टेंबर २०२४

हौसाबाई,

अनंत चतुर्दशी होऊन तेरा दिवस झाले. गणपती गेले, आता तुम्हाला थोडी उसंत असेल असं वाटलं होतं. रोज पोस्टमनची वाट बघतो. तो आता मला लांबूनच हाताने नाही म्हणतो.

तब्येत बरी आहे ना? की माझ्या लिहिण्यात काही कमीजास्त गेलं? कान गेल्यापासून माझं असं होतं. समोरच्याचा चेहरा पडला तर कळतं, पण पत्रात चेहरा कुठून बघू?

तमीमचा निरोप आला आहे. २० डिसेंबरला पोचतो. पत्रेवाल्याशी बोलणी झाली म्हणतो.

मुसा


हमरापूर
८ ऑक्टोबर २०२४

मुसाभाई,

तब्येत ठणठणीत आहे. मला राग आला होता, म्हणून लिहिलं नाही. निष्काळजीपणा हा शब्द वाचला आणि कागद तसाच घडी करून रंगाच्या डब्याखाली ठेवून दिला. राग तुमचा नाही, त्या मुलीचाही नाही. माझाच मला आला.

ती मुलगी बहीण नव्हे, मीच. नानकटाई न घेणारीही मीच. भूक सपाटून लागली होती.

आता सांगते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, प्रणितला नाही. सिंहासनाच्या पाटाच्या साच्यात उंदराची खोबण असते, तो तिथेच बसतो ना. तुमच्या वडिलांनी जीव नको म्हटलं होतं, म्हणून बाबा प्रत्येक वेळी त्या खोबणीत शाडू दाबून ती बुजवायचे, मग वरून चुना भरायचे. म्हणजे तेवढी जागा सपाट यायची. चार खिडक्यांचं तसं झालं. पाचव्या वेळी बाबांनी दुपारी खोबण बुजवली आणि ते चहाला गेले. मी साच्याशी एकटीच. मला वाटलं, आत उंदीर आहे आणि बाबांनी त्याचं नाक-तोंड बंद केलंय. काडीने सगळा शाडू उकरून काढला. दिवेलागणीच्या अंधूक उजेडात बाबांनी चुना भरला, त्यांच्या लक्षात आलं नाही. घरून निरोप आला होता आईचं दुखणं वाढल्याचा, म्हणून ते पहाटेच्या गाडीने गावी गेले. मला तुमच्या आईजवळ ठेवलं. गवंड्याने साचा उघडला, तुकडा वाळवला आणि वर चढवला. त्याला काय माहीत, काय यायला हवं आणि काय नको.

आठ दिवसांनी बाबा आले तेव्हा बाजारातली माणसं खाली उभी राहून हसत होती. बाबा छिन्नी घेऊन शिडीवर चढले. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे होते. नुसते चढे आवाज ऐकू आले. मग बाबा खाली आले, तोंड लालबुंद. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सगळ्यांनी धरलं विठूची चूक, आणि त्यांनी ती घेतली.

बाबांना इमारतींचं काम फार आवडलं होतं, मुसाभाई. रोह्याला असताना रोज रात्री जेवताना सांगायचे, आता असं करीन नि तसं करीन. नंतर एकही इमारत केली नाही. मी समजले, नाव खराब झालं, माझ्यामुळे. घरी आल्यावर त्यांनी मला आखणीला बसवलं, पण दोन वर्षं फक्त उंदराचे डोळे दिले. गणपतीला हात लावू दिला नाही. तेव्हाच मला कळलं की त्यांना ठाऊक आहे आणि ही शिक्षा आहे. मी मुकाट्याने भोगली.

आता कामाचं. त्या सिंहासनाचा साचा मी मोडू दिलेला नाही. तुमचा तुकडा मी स्वतः करून देते, चुन्याचाच, काथ्या घालून. पण उंदराशिवाय. खोबण माझ्या हाताने बुजवीन. साठ वर्षांनी का होईना, बाबांचं काम त्यांनी ठरवलं होतं तसं पुरं होऊ दे.

हौसा


रोहा
२१ ऑक्टोबर २०२४

हौसाताई,

यापुढे बाई म्हणणार नाही. आमच्या घरी आठ दिवस जेवलेली मुलगी आहात.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग उठलो आणि माळ्यावर चढलो. सून ओरडत असणार, पण मला कुठे ऐकू येतं! आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनची लॉजची रजिस्टरं आहेत. अब्बांचा नियम कडक होता : रजिस्टरात नाव चढल्याशिवाय कोणी खोलीत झोपायचं नाही, मग तो सख्खा मेहुणा असो. १९६४चं रजिस्टर वाळवीने कडेने खाल्लं आहे, पण मधलं शाबूत आहे. ११ फेब्रुवारीच्या पानावर अब्बांच्या अक्षरात जे आहे ते जसंच्या तसं उतरवतो :

नाव : उंदीर.
गाव : हमरापूर.
सोबत कोण : हौसा, वय ७, विठू मूर्तिकार यांची मुलगी.
येण्याची तारीख : ११-२-६४.
जाण्याची तारीख :
शेरा : हौसाने बाहेर काढला. उठवू नये.

जाण्याच्या तारखेचा रकाना कोरा आहे. त्या पानावर बाकी सगळ्यांच्या तारखा भरलेल्या आहेत, कर्जतचा कापडवाला, महाडचे दोन शिक्षक, सगळ्यांच्या. हा एकच मोकळा.

तेव्हा ताई, अब्बांना ठाऊक होतं. कसं ते सांगता येत नाही, पण अम्मी म्हणायची की ती मुलगी दिवसभर खाली बसून उंदराशी बोलायची. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं असेल.

तुम्ही दारामागे होतात, आणि शिडी मी धरून उभा होतो. तेव्हा माझे कान चांगले होते. आवाज चढले ते खरं, पण भांडण तुम्ही समजलात ते नव्हे. विठू म्हणत होते, "शेठ, तुमचा शबूद मोडला, मी फोडतो त्याला." अब्बा खालून ओरडले, "उतर खाली! तू फोडशील, पोरगी काय म्हनंल?" विठू दोन पायऱ्या उतरून थबकले. मग म्हणाले, "तुमाला बी कललं व्हय?" आणि उतरले. तोंड लाल होतं ते रागाने नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, मी बघितलं. मला मोठी माणसं रडतात हेच माहीत नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं.

मी बारा वर्षांचा गाढव. 'पोरगी काय म्हणेल' याचा अर्थ मला साठ वर्षं लागला नाही. आता तुमच्या पत्राने लागला.

बिनउंदराचा तुकडा मला नको. पाहुण्याला उठवायचा नाही असा शेरा आहे.

तुमचा भाऊ,
मुसा


हमरापूर
४ नोव्हेंबर २०२४

मुसाभाऊ,

दिवाळीत मी रडले म्हणून प्रणितच्या बायकोने सगळ्या घराला चहा करून पाजला. कारण विचारायची हिंमत कोणी केली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी आपणहून सगळ्यांना सांगितलं. प्रणित म्हणाला, "आत्या, साठ वर्षं उंदीर लपवलास गो!" आणि हसत सुटला. मग मीही हसले.

बाबांना ठाऊक होतं, आणि तुमच्या वडिलांनाही. दोघांनी मिळून मला सांभाळलं, आणि मी मात्र भीत राहिले. हे आधी कळतं तर बाबांच्या जवळ बसून एकदा तरी बोलले असते. आता त्याला इलाज नाही. आणि ते पुढे इमारतीकडे का गेले नाहीत, हे काही यात उलगडत नाही. बहुधा माझ्याच मुळे. असो.

साचा बाहेर काढला आहे. तेल लावून ठेवलाय. १५ डिसेंबरला प्रणितबरोबर त्याच्या टेम्पोतून येते. काम दोन दिवसांचं. चार नंबरच्या खोलीत उतरीन, आम्ही बापलेक तिथेच होतो. रजिस्टरात नाव घालायला विसरू नका, तुमच्याकडचा नियम कडक आहे.

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पाटी-पेन्सिल आणते. अक्षराला हसायचं नाही.

हौसा


रोहा
२८ डिसेंबर २०२४

हौसाताई,

तुम्ही गेल्यापासून चार नंबरची खोली झाडली नाही. चुन्याचा वास आहे तो असू दे म्हटलं. पाटी मी ठेवून घेतली आहे. त्यावर 'चहात साखर किती टाकता हो' हे अजून तसंच आहे.

आता तमीमचं. २० तारखेला गाडीतून उतरला तो सामान न काढताच रस्त्यावर उभा राहून वर बघायला लागला. पाच सिंहासनं पांढरीशुभ्र, मध्ये उंदीर नवाकोरा, हातात मोदक. मी शेजारी उभा. त्याने माझी वही घेतली आणि लिहिलं : "काम सुंदर आहे. करणारी माणसं उरली आहेत, मी हरलो. पण अब्बा, हॉटेलवर उंदीर? लोक मोबाइलवर फोटो टाकून काय काय लिहितील!" खरं सांगू, त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. रजिस्टर काढून त्याच्यापुढे ठेवलं.

पान वाचून त्याने ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मला वाटलं आता हसेल. मग त्याने लिहिलं : "तिकडे माझ्या प्रत्येक कागदावर जाण्याची तारीख आधी छापलेली असते. अठरा वर्षांत एकही कागद असा मिळाला नाही." एवढंच. आजोबांच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिला. पोरगं तिकडे मजेत आहे असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो, स्वतःलाही.

दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्याला नको म्हणून सांगितलं. किमयाने अहवालातलं ते वाक्य खोडून नवीन लिहिलं आहे : "मधल्या खिडकीवरील आकृती मूळ रचनेचा भाग असून ती जतन करावी." खाली काचेचं दार होणार आहे, न्हाणीघरं नवी होणार आहेत, ते होऊ दे. नावाच्या पाटीवर 'दिलबहार'खाली बारीक अक्षरांत 'उंदीरवाला लॉज' लिहायचं तमीमच्याच डोक्यातून निघालं. अब्बा असते तर दोघांनाही फोडून काढलं असतं.

पण आजचं पत्र या कशासाठी नाही. तमीमला ते रजिस्टर सोडवेना. पानं सुटी करून नीट बांधून घेतो म्हणाला, तेव्हा पुठ्ठ्याच्या आत एक पोस्टकार्ड चिकटलेलं निघालं. ते तुमचं आहे, म्हणून सोबत पाठवतो. शाई उडाली आहे, वाचता आलं नाही तर म्हणून खाली उतरवून देतो :

"हमरापूर, ३ मे १९६४. कासमशेठ यांस विठूचा रामराम. मुरुडच्या बंगल्याच्या कामास आपण माझे नाव सुचविलेत, उपकार आहेत. मन फार होते. पण येणे होणार नाही. हौसाला आखणीस बसविली आहे. हात माझ्यापेक्षा हलका आहे. सहा महिने परगावी राहिलो तर तिच्या हाताची सवय मोडेल. इमारती करणारे पुष्कळ आहेत. सध्या तिला उंदराचे डोळे देतो. तिला उंदीर आवडतो, आपण जाणताच. रोज दिवस मावळेपर्यंत उठत नाही. गणपतीचे पुढे देईन. घाई नाही."

ताई, मुरुडचं काम आलं होतं. तुमच्यामुळे गेलं हे खरं, पण तुम्ही समजत होता तसं नाही.

मुसा


हमरापूर
६ जानेवारी २०२५

मुसाभाऊ,

पोस्टकार्ड मिळालं. तुम्ही उतरवून दिलं होतं ते बरं केलंत, मला मूळचं पहिल्या दिवशी वाचवलंच नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात धरून वाचलं. 'घाई नाही' हे बाबांचं अगदी बोलण्यातलं. मला तो आवाज ऐकू आला.

मोठ्या माणसांनी लाडाने दिलेलं मी शिक्षा म्हणून घेतलं. उंदीर आवडतो म्हणून उंदीर दिले, इतकं साधं होतं ते.

कारखान्यात नव्या वर्षाचं काम सुरू झालं. शेजारची हिना येते माझ्याकडे शिकायला, नऊ वर्षांची आहे. तिला गेल्या महिन्यापासून नुसते उंदीर देत होते, पद्धतच पडून गेली होती. काल तिला विचारलं, "तुला काय आवडतं गो?" ती म्हणाली, "हत्तीचे कान." तर आता कान रंगवते आहे. दोन खराब झाले. होऊ देत.

एक राहिलं. निघताना मी तुमचं रजिस्टर बघून घेतलं होतं. तुम्ही माझ्या जाण्याच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला होता. भाऊ, मला माझं काम आहे, मी १७ तारीख घालून सही केली. उंदराचा मात्र तसाच राहू द्या.

हौसा